रून फॅक्टरी ४: शस्त्रं घडवायची आणि प्रेमही जमवायचं, दोन्ही एकाच दिवसात कसं बसवायचं

शेती, खाणीतलं लोखंड, लोहारकाम, राक्षसांशी मारामारी आणि वर गावातल्या कुणाच्या तरी प्रेमात पडणं, हे सगळं एकाच गेममध्ये हवं असेल तर रून फॅक्टरी ४ च्या तोडीचं अजून फारसं काही आलेलं नाही, निदान माझं तरी तसं मत आहे आणि पाचवा भाग खेळल्यावर ते अजूनच पक्कं झालं. मूळ गेम जपानमध्ये जुलै २०१२ ला निन्टेन्डो थ्रीडीएसवर आला, अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ ला. बनवणारी कंपनी नेव्हरलँड, पब्लिशर मार्व्हलस. ही मालिका २००६ मध्ये डीएसवर हार्व्हेस्ट मूनचा फँटसी भाऊ म्हणून सुरू झाली होती, म्हणजे आधी शेती आणि लग्न, त्यात मग तलवारी आणि गुहा घातल्या. चौथा भाग अमेरिकेत पोचतो न पोचतो तोच नोव्हेंबर २०१३ मध्ये नेव्हरलँड बंद पडली, त्यामुळे हा त्यांच्या हातचा या मालिकेतला शेवटचा मोठा गेम, आणि खेळताना ते जाणवतं, कारण त्यांनी यात हात राखून काही ठेवलेलंच नाही.

कुठे खेळायचा? थ्रीडीएसचं ई-शॉप मार्च २०२३ मध्ये बंद झालंय, त्यामुळे जुनं कार्ट्रिज हातात असेल तर उत्तम, नाहीतर सरळ रून फॅक्टरी ४ स्पेशल घ्या. तो स्विचवर जपानात २०१९ ला आणि बाकी जगात २०२० ला आला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये पीसी, पीएस४, एक्सबॉक्सवर पण आला. ग्राफिक्स जुनेच आहेत, फक्त जरा स्वच्छ केलेत, आणि लोड होणं पटकन होतं. खाली जे लिहिलंय ते दोन्हीला चालतं, स्पेशलमधलं वेगळं काही असेल तिथे तसं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या गेमवरचे बहुतेक गाइड फोर्जिंगचं (म्हणजे लोहारकामाचं) वेगळं पान आणि लग्नाचं वेगळं पान असे असतात. मला ते पटत नाही. कारण दोन्ही गोष्टी तुमच्याकडच्या त्याच दोन गोष्टी खातात, एक म्हणजे दिवसाचा वेळ आणि दुसरं म्हणजे आरपी (रून पॉइंट्स, काम करायची ताकद). वेगवेगळं करायला गेलात की कधी नुसती शस्त्रं होतात आणि गावात कुणी ओळखत नाही, नाहीतर सगळे जीव लावतात पण दुसऱ्याच बॉसकडे (म्हणजे मोठ्या राक्षसाकडे) मार खाऊन दवाखान्यात पोचता.

सुरुवात करताना

गोष्ट थोडक्यात अशी की तुम्ही एअरशिपमधून जात असता, तिथे सैनिक घुसतात, झटापटीत तुमची स्मृती जाते आणि तुम्ही थेट सेल्फिया नावाच्या गावात ड्रॅगनच्या डोक्यावर येऊन आपटता. ही ड्रॅगन म्हणजे व्हेंटुसविल, लाडाने व्हेन्टी. गावातले लोक तुम्हाला येणार असलेला राजपुत्र समजतात, मग खरा राजपुत्र आर्थर येतो आणि तो म्हणतो राहू दे, तूच कर काम. असं म्हणून सगळी जबाबदारी तुमच्या गळ्यात.

एअरशिपवरच्या त्या पहिल्या प्रसंगात जे उत्तर निवडता त्यावरून तुमचं पात्र मुलगा की मुलगी हे ठरतं, मुलगा म्हणजे लेस्ट, मुलगी म्हणजे फ्रे. तिथे घाईघाईत बटण दाबू नका, कारण त्यावरूनच तुमची जोडीदारांची यादी ठरते. लेस्ट घेतला तर मार्गारेट, फोर्टे, क्लोरिका, शाओ पाय, डोल्चे आणि अँबर या सहा जणी. फ्रे घेतली तर आर्थर, विश्नल, डिलस, कील, लिऑन आणि डग हे सहा जण. या भागात याच्या पलीकडे पर्याय नाही.

डिफिकल्टी नॉर्मल ठेवा. स्पेशलमध्ये हेल नावाची पातळी आहे ती फोर्जिंग हाडात मुरलेल्या लोकांसाठी आहे, पहिल्याच खेळात तिच्या वाटेला जायचं कारण नाही.

पहिला वसंत: लायसन्स मिळेपर्यंत

चार ऋतू, प्रत्येकी ३० दिवस. घड्याळ भराभर पळतं, गेममधला एक तास म्हणजे आपलं साधारण एक मिनिट. पण फोर्जच्या मेनूमध्ये असताना दिवस पुढे सरकत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग आहे.

सुरुवातीला हातात स्वस्तातली कुदळ, झारी आणि साधी ब्रॉडस्वोर्ड. सलगम लावा, पाणी घाला, विका. सोबत रोज सकाळी एलायझाकडे जायचं. एलायझा म्हणजे बोलणारी पेटी, लोकांच्या मागण्या तिच्याकडे जमा होतात आणि ती थोडी मानी आहे, तिचं बोलणं ऐकताना मजा येते. तिची कामं म्हणजे खरं तर गेमचं ट्यूटोरियल आहे, त्यातूनच कुऱ्हाड, हातोडा, विळा अशी अवजारं आणि राक्षस पाळायची सोय हाती येते. पुष्कळ जण ही कामं कंटाळवाणी म्हणून सोडतात आणि मग दोन महिने झाले तरी दगड फोडायला हातोडा नाही म्हणून अडून बसतात.

ही कामं केली, माल विकला, सणांत भाग घेतला की प्रिन्स पॉइंट्स मिळतात. (मुलगी असाल तर प्रिन्सेस पॉइंट्स, तेच ते.) हे पॉइंट्स खर्च करून तुम्ही ऑर्डर काढता, म्हणजे राजपुत्र या नात्याने हुकूम सोडता, शेत वाढव, पिशवी मोठी कर, सण भरव, वगैरे. आणि लायसन्सही इथेच. फोर्जिंगचं, क्राफ्टिंगचं (दागिने, बूट, ढाली वगैरे), स्वयंपाकाचं, औषधांचं, अशी वेगवेगळी लायसन्स आहेत.

क्रम माझ्या मते असा ठेवावा: सगळ्यात आधी फोर्जिंग, मग पिशवीचा आकार, मग स्वयंपाक, मग क्राफ्टिंग. औषधं सगळ्यात शेवटी, तोवर दवाखान्यातून विकत घेऊन भागतं. लायसन्स मिळालं म्हणून लगेच काही बनवता येत नाही, त्या कामाचं टेबलही घ्यावं लागतं, त्यामुळे लायसन्सच्या दिवशी गाठीला पैसे असू द्या. पहिल्या महिन्यात बाडोच्या दुकानातून महागडी तलवार घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. बाडो हा ड्वार्फ जातीचा लोहार, आळशी आणि कायम झटपट पैसे कमवायच्या नादात, माणूस म्हणून धमाल आहे, पण तुम्ही स्वतः लोखंड आणून घडवलेलं शस्त्र त्याच्याकडच्यापेक्षा लवकरच पुढे जातं.

आरपी: सगळा खेळ याचाच

कुदळ मारा, पाणी घाला, तलवार फिरवा, लोखंड ठोका, सगळ्याला आरपी लागतो. आरपी संपला आणि तरी काम चालू ठेवलं तर तो एचपीमधून (म्हणजे जीवातून) कापला जातो आणि एचपी संपला की डोळे उघडतात ते दवाखान्यात, डॉक्टर जोन्स आणि नर्स नॅन्सीसमोर, बिल वेगळं.

आता यातली मेख. झोपलं की आरपी पुन्हा पूर्ण भरतो. म्हणजे रात्री शिल्लक राहिलेला आरपी पुढच्या दिवशी जोडून मिळत नाही, आपल्या फोनच्या रोजच्या डेटासारखं आहे, मध्यरात्री उरलेला गेला तो गेलाच. त्यामुळे नियम एकच, अंथरुणात शिरण्याआधी शिल्लक सगळा आरपी फोर्जवर खर्च करायचा. काय बनवताय याला सुरुवातीला महत्त्व नाही. जुन्या स्वस्त तलवारीला भंगार लावून अपग्रेड करा, साधी शस्त्रं करा, बनवून विकून टाका. फोर्जिंगचं स्किल यातूनच वाढतं आणि स्किल वाढलं की त्याच शस्त्राला आरपी कमी लागतो, कारण तुमच्या लेव्हलपेक्षा अवघड रेसिपीला आरपी भरमसाट जातो. वेळ तर लागतच नाही, मेनूतलं काम आहे.

दिवसा मध्येच आरपी हवा असेल तर बेल हॉटेलमधलं न्हाणीघर आहे, तिकीट काढून आंघोळ केली की दमलेला जीव परत येतो. आणि तयार पिकांच्या शेतात कधीकधी रून तरंगताना दिसतात, ते गोळा केले तरी आरपी मिळतो, म्हणून शेत अगदीच ओसाड ठेवू नका. बाय द वे या गेममध्ये चालणं, झोपणं, खाणं, आंघोळ या सगळ्याचीही स्किल्स आहेत आणि ती वाढली की शरीर तगडं होतं, त्यामुळे कुठलीच गोष्ट फुकट जात नाही. मला या गेमची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

रेसिपी कळायच्या कशा

ब्रेड खाऊन. हो, खरंच. दुकानात वेगवेगळे ब्रेड मिळतात, शस्त्रांचा वेगळा, अ‍ॅक्सेसरीचा वेगळा, स्वयंपाकाचा वेगळा, औषधांचा वेगळा. खाल्ला की नवीन रेसिपी डोक्यात येते. रोज मोजकेच मिळतात त्यामुळे दिसला की घ्या. फक्त तुमचं स्किल कमी असेल तर वरच्या रेसिपी येतच नाहीत, म्हणून ढीगभर ब्रेड साठवून एकदम खाण्यात अर्थ नाही. स्किल थोडं वाढलं की एकदोन खा, पुन्हा ठोकाठोकी, पुन्हा खा.

शस्त्र घडवताना नेमकं काय बघायचं

इथे थोडं सविस्तर, कारण गेम स्वतः हे नीट समजावतच नाही.

कच्चा माल दोन ठिकाणी मिळतो. दगड फोडून भंगार, लोखंड, ब्राँझ, चांदी, सोनं, पुढे प्लॅटिनम आणि ओरिकॅल्कम, सोबत अ‍ॅमेथिस्ट, अ‍ॅक्वामरीन, एमराल्ड, रुबी, सॅफायर, डायमंड अशी रत्नं. आणि राक्षसांकडून बाकीचं, मुंग्यांचे जबडे, बाणवाल्यांकडून बाणाची टोकं, वूली नावाच्या मेंढ्यांकडून लोकर. वूलीला मारण्यापेक्षा पाळा, म्हणजे लोकर मिळत राहते. सुरुवातीला काहीही विकू नका, सगळं बॉक्समध्ये टाका. पैसा शेतीतून आणि मासे पकडून येतो, मटेरियल विकून येणारे चार पैसे पुढे महाग पडतात.

फोर्जवर एका वस्तूला सहा खण असतात. रेसिपीला त्यातले काहीच लागतात, उरलेले रिकामे. नव्या माणसाला वाटतं रिकामे आहेत तर असू देत. नाही! त्यात जास्तीचं मटेरियल घालता येतं आणि घालावं. कारण शस्त्राच्या ताकदीला दोन गोष्टींनी बोनस मिळतो, एक म्हणजे घातलेल्या सगळ्या वस्तूंची दुर्मिळता मिळून किती होते, आणि दुसरं म्हणजे त्या वस्तूंची सरासरी लेव्हल किती. प्रत्येक वस्तूला एक ते दहा अशी लेव्हल असते, लोखंड पण लेव्हल एकचं आणि लेव्हल पाचचं वेगळं. तीच ब्रॉडस्वोर्ड एकाने साध्या लोखंडाची केली आणि दुसऱ्याने चांगल्या लेव्हलच्या लोखंडाची, वर रिकाम्या खणात एखादं दुर्मिळ रत्न घालून केली, तर दोन्हींत चांगलाच फरक पडतो. त्यामुळे चांगल्या लेव्हलचा माल रोजच्या स्किल वाढवायच्या ठोकाठोकीत उडवू नका, तो बाजूला ठेवा.

शस्त्र तयार झालं की अपग्रेड. प्रत्येक शस्त्र लेव्हल दहापर्यंत नेता येतं, दर वेळी एक वस्तू घालायची. कोणती वस्तू काय वाढवते ते तिच्या माहितीत लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. एकच वस्तू पुन्हापुन्हा घालण्यापेक्षा आलटून पालटून घाला. आणि आग, पाणी, माती, वारा यांचे क्रिस्टल असतात, ते घातले की शस्त्राला तो गुण लागतो. हे चांगलंही आणि धोक्याचंही, कारण पुढे डेलिरियम लाव्हा रुइन्समध्ये फिअरसम नावाचा बॉस येतो, तो आगीचाच, तिथे आगीची तलवार घेऊन गेलात तर तुमची मेहनत वाया. म्हणून एक मुख्य शस्त्र बिनगुणाचं ठेवा आणि दुसरं एखादं गुणवालं, असं मी सुचवेन.

अवजारंही इथेच होतात. चांगला हातोडा लवकर बनवा, लोक तलवारीच्या मागे लागून हातोडा विसरतात आणि मग खाणीत एकेका दगडावर आरपी घालवत बसतात.

शस्त्रांच्या जाती सात: शॉर्ट स्वोर्ड, लाँग स्वोर्ड, भाला, हातोडा-कुऱ्हाड, ड्युअल ब्लेड्स, मुठी आणि जादूची काठी. प्रत्येकाचं वेगळं स्किल आहे आणि ते वापरून वाढतं, त्यामुळे दर आठवड्याला नवीन जात धरलीत तर एकातही धड होणार नाही. पहिल्यांदा खेळताय तर ड्युअल ब्लेड्स किंवा शॉर्ट स्वोर्ड. लाँग स्वोर्ड दिसायला भारी पण हळू आहे, आणि हळू शस्त्राने मारताना मध्येच मार बसतो. झालं, यापेक्षा जास्त विचार करू नका.

माणसं

आता गोड भाग. सगळे बारा उमेदवार पहिल्या दिवशी गावात नसतात. काही जण कथेतल्या बॉसमधून सुटून येतात (इतकं सांगणं म्हणजे स्पॉयलर नाही, गेम सुरू झाल्यावर लगेच कळतं). योकमिर जंगलात अँब्रोसियाला हरवलं की अँबर मिळते, मग ती इल्युमिनाटाच्या फुलांच्या दुकानात राहायला जाते. वॉटर रुइन्समध्ये थंडरबोल्टला हरवलं की डिलस, तो पोर्कोलिनच्या हॉटेलात कामाला लागतो, जिथला आचारी गिऱ्हाइकांचं जेवण स्वतःच खाऊन टाकतो. ऑब्सिडियन मॅन्शनमधल्या मॅरिओनेटानंतर डोल्चे आणि तिच्या मागेमागे फिरणारी पिको नावाची भूत मुलगी, त्या दवाखान्यात राहतात. लिऑन सगळ्यात शेवटी, पहिल्या भागाच्या टोकाला. त्यामुळे लिऑनवर जीव जडला असेल तर धीर धरा, तोवर शस्त्रांवर लक्ष द्या, त्याच्याशी लग्न करायला आधी बरंच लढावं लागणार आहे.

रोजचा फेरा असा ठेवा. सकाळी शेताला पाणी, व्हेन्टीशी दोन शब्द (तिला पॅनकेक फार आवडतात, कधीतरी न्या, तीही माणूसच आहे, म्हणजे ड्रॅगन आहे पण कळलं ना), मग एलायझा, मग गावभर एक चक्कर. भेटेल त्याच्याशी बोला. दिवसातलं पहिलं बोलणं मैत्री वाढवतं, दहा वेळा बोलून दहापट होत नाही. भेटवस्तूचंही तसंच, एका माणसाला दिवसाला एक. काय आवडतं हे त्यांच्या बोलण्यातूनच कळतं, सगळी यादी नेटवर बघून रटाळपणे देत बसण्यापेक्षा ऐका. उदाहरणार्थ फोर्टे ही गावाची रक्षक, कायम चिलखतात, आवाज कडक, पण गोडाचं नाव काढलं की पाघळते आणि ते लपवायला बघते. एकदा हे कळलं की तिच्यासाठी स्वयंपाकाचं लायसन्स काढावंसं वाटतंच. वाढदिवस कॅलेंडरवर बघून ठेवा, त्या दिवशीच्या आवडत्या वस्तूला नेहमीपेक्षा जास्त किंमत असते.

आणि इथे शस्त्रं आणि प्रेम एकत्र येतात. थोडी ओळख वाढली की गावातल्या माणसांना तुम्ही सोबत डंजनमध्ये (राक्षसांनी भरलेल्या जागांत) नेऊ शकता. ज्याच्याशी जमवायचंय त्यालाच न्यायचं, रोज! ते तुमच्यासोबत लढतात, त्यांची लेव्हल वाढते आणि तुमच्यावरचा मार कमी होतो. वर तुम्ही घडवलेली शस्त्रं आणि ढाली त्यांना देता येतात आणि ते ती वापरतात, फक्त त्यांच्या जातीचं शस्त्र हवं. म्हणजे रात्री आरपी खर्च करायला जे बनवताय ते सगळं विकायचं कशाला, त्यातलं एक चांगलं जोडीदाराच्या जातीचं बनवा. डिलस मुठीने लढतो, त्याला तलवार देऊन काय उपयोग. देताना आपल्या हातात मुख्य शस्त्र नाही ना एवढं बघा, नाहीतर भेट म्हणून तेच जाईल.

दोघं मिळून खाणीत गेलात की दुपार जाते, लोखंड येतं, मैत्री वाढते आणि कथाही पुढे सरकते. एका दिवसात सगळं बसवायचं म्हणजे एवढंच.

सांगायचं कधी

लग्नाच्या उमेदवारांसोबत मैत्रीशिवाय प्रेमाचीही लेव्हल असते, मेनूमध्ये हृदय दिसतं त्यावर आकडा असतो. कमी आकड्यावर मनातलं सांगितलंत तर समोरचा मस्करी समजून उडवून लावतो, आणि ते संवाद इतके मजेशीर आहेत की एकदा मुद्दाम उडवून घ्यायला हरकत नाही. पण खरंच होकार हवा असेल तर आकडा सातच्या पुढे जाऊ द्या. सांगण्याआधी सेव्ह करा, नकार आला तर पुन्हा लोड करून दुसऱ्या दिवशी. याला चिटिंग म्हणायचं असेल तर म्हणा.

होकार आला की एकमेकांना हाक काय मारायची ते ठरतं आणि डेट सुरू होतात. डेट ठरवली की ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जा, त्या दिवशी लांबच्या डंजनमध्ये जाऊ नका, परत यायला उशीर होतो. गेम तुम्हाला एकाच वेळी अनेकांसोबत फिरू देतो. लग्न मात्र एकाशीच. अनेकांसोबत फिरण्याने तुमचं काही बिघडत नाही, पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्यात प्रत्येकासाठी लिहिलेल्या छोट्या गोष्टी पातळ होतात, आणि या गेमची खरी कमाई त्या गोष्टीच आहेत.

लग्नाचा अडथळा, म्हणजे नशीब

या गेममधली सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट हीच, त्यामुळे शांतपणे वाचा. लग्नासाठी नुसतं प्रेम पुरत नाही, त्या व्यक्तीच्या टाउन इव्हेंट (गावातल्या माणसांच्या छोट्या गोष्टी) पूर्ण व्हाव्या लागतात आणि शेवटी तिची लग्नाची खास इव्हेंट यावी लागते. आणि या इव्हेंट कधी येतील हे गेम नशिबावर सोडतो. सकाळी उठलं की आली तर आली. एका वेळी एकच चालते, म्हणजे दुसऱ्याच कुणाची अर्धवट पडली असेल तर तुमची येतच नाही. लोक महिनोन्‌महिने रोज काहीतरी खाऊ घालतात, भेटी देतात, आणि इव्हेंट मात्र शाओ पायच्या धांदरटपणाची लागते.

उपाय दोन. पहिला, कोणतीही इव्हेंट सुरू झाली की ती लगेच संपवा, लोंबकळत ठेवू नका, मग ती कुणाचीही असो. दुसरा, झोपायच्या आधी सेव्ह करा आणि सकाळी काही आलं नाही तर लोड करून पुन्हा झोपा. कंटाळवाणं आहे पण चालतं. आणि हा उपाय फोर्जिंगच्या सवयीत चपखल बसतो: आरपी संपेपर्यंत ठोकाठोकी, सेव्ह, झोप. फक्त सेव्ह ठोकाठोकीनंतर करा, आधी नाही, नाहीतर प्रत्येक लोडला तेच लोखंड पुन्हा ठोकावं लागेल.

खास इव्हेंट पार पडली की मागणी घालायची. त्यासाठी हवं डबल बेड आणि एंगेजमेंट रिंग. अंगठी क्राफ्टिंगच्या टेबलावर करायची, म्हणून वर सांगितलेलं क्राफ्टिंग लायसन्स. ते पुष्कळ जण टाळत राहतात कारण तलवारी फोर्जवर होतात आणि दागिन्यांना कोण विचारतो, मग ऐन वेळी अंगठीपाशी स्किल कमी पडतं. म्हणून आठवड्यातली एकदोन रात्री आरपी फोर्जऐवजी क्राफ्टिंगवर घालवा. शिवाय बूट, ढाल, टोपी हे सगळं क्राफ्टिंगमध्येच येतं, आणि संरक्षण नसेल तर तलवार कितीही धारदार असून काय करणार.

लग्नानंतर मूल होतं आणि मोठं झालं की तेही सोबत डंजनमध्ये येतं. घरातले तिघं मिळून गुहेत मारामारीला, हे दृश्य बघायला तरी लग्न कराच. स्पेशलमध्ये लग्न केलेल्या व्यक्तीसाठी न्यूलीवेड मोड नावाची वेगळी छोटी गोष्ट उघडते.

पुढची लोहारकी

कथेचे तीन भाग आहेत. दुसऱ्यात सेक्स साम्राज्याशी (हसू नका, नावच तसं आहे) आणि त्याच्या सम्राट एथेलबर्डशी गाठ पडते, शेवट तरंगत्या साम्राज्यात. तिथवर जाताना वर सांगितलेली पद्धत पुरते, चांगल्या लेव्हलचा माल, भरलेले खण, दहापर्यंत अपग्रेड.

तिसऱ्यात, रून प्राना नावाच्या डंजनमध्ये, ती पुरत नाही. तिथे डबल स्टील आणि टेन-फोल्ड स्टील हातात आलं पाहिजे, ही दोन्ही अपग्रेडमध्ये आधी घातलेल्या वस्तूचा परिणाम कित्येक पटीने वाढवतात. म्हणजे क्रम महत्त्वाचा, आधी तुमची सगळ्यात ताकदवान वस्तू, तिच्या लगेच मागे स्टील. उलटं केलंत तर दुर्मिळ माल फुकट. ऑब्जेक्ट एक्स नावाची वस्तूही आहे, ती पुढच्या वस्तूंचे परिणाम उलटे करते, वाईटाचं चांगलं आणि चांगल्याचं वाईट, त्यामुळे ती वापरायची तर कागदावर क्रम लिहून मगच, आणि आधी सेव्ह. मुख्य शस्त्रावर पहिला प्रयोग करू नका, तसंच दुसरं साधं शस्त्र बनवून त्यावर करून बघा.

एक शेवटची गोष्ट वेळापत्रकाची. तिसरा भाग सुरू करणारी इव्हेंटही त्याच नशिबाच्या डब्यातून येते ज्यातून लग्नाची येते. दुसरा भाग संपल्यावर दोन्हींची वाट एकदम बघावी लागते आणि जी आधी येईल ती आधी संपवावी लागते. म्हणून शक्य असेल तर लग्न दुसरा भाग संपायच्या आतच उरकून घ्या, प्रेमाची लेव्हल आणि डेट तर पहिल्या भागातच सुरू करता येतात, फक्त लिऑनवाल्यांना ते जमणार नाही, त्यांनी सरळ सेव्ह करून झोपायचं आणि तोवर टेन-फोल्ड स्टील शोधायचं.